बीटचा शिपाई, गावची आशा आणि आपला सलोखा

१४ एप्रिल जवळ आला की पोलीस ठाण्यातून निरोप येतो. शांतता समितीची बैठक आहे, मंडळाच्या अध्यक्षांनी हजर राहावे. आम्ही अशा बैठकांना कितीतरी वर्षे जातो आहोत, त्यामुळे तिथला सगळा कार्यक्रम तोंडपाठ झाला आहे. पुढच्या रांगेत व्यापारी संघटनेचे पदाधिकारी, आजी-माजी नगरसेवक, दोन-तीन धर्मगुरू आणि दरवर्षी तेच तेच असणारे प्रतिष्ठित नागरिक. मागच्या रांगेत जयंती मंडळांची पोरे. साहेब मिरवणुकीचा मार्ग सांगतात, वेळ सांगतात, डीजेच्या आवाजावरून दम भरतात. सर्वधर्मसमभावावर दोन भाषणे होतात. चहा-बिस्किटे होतात, फोटो निघतो. बायका बहुधा एकही नसते.

आणि दाराशी उभा असतो बीटचा शिपाई. त्याला कुणी काही विचारत नाही. कोणत्या गल्लीत परवा कुणाचे पोर कुणाशी भिडले, कोणत्या नळावर महिनाभर धुसफूस चालली आहे, कोणत्या चौकातला फलक कुणाला खुपतो आहे, हे त्या खोलीत इतर कुणाहीपेक्षा त्याला जास्त माहीत असते. पण तो दाराशीच राहतो.

सामाजिक सलोखा या विषयावर आपल्याकडे बोलणे फार झाले. सद्भावना रॅल्या झाल्या, शपथा झाल्या, एकतेच्या दौडी झाल्या. पण माणसाला सरकार भेटते ते मंत्र्याच्या रूपात नव्हे. ते भेटते शिपायाच्या, तलाठ्याच्या, ग्रामसेवकाच्या, शाळेतल्या बाईंच्या, अंगणवाडी सेविकेच्या, आशाताईच्या, पोस्टमनच्या रूपात. हा माणूस कोणाच्या उंबऱ्याच्या आत जातो आणि कोणाच्या बाहेरूनच हाक मारतो, कोणाला खुर्ची देतो आणि कोणाला उभे ठेवतो, यावरून गावाला कळते की राज्यघटना गावात आली आहे की नाही.

ही आमची मनची कल्पना नाही. घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी ग्रामीण भारतातील अस्पृश्यतेचा जो अभ्यास २००६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, त्यात ११ राज्यांतील ५६५ गावे पाहिली गेली. जवळपास एक तृतीयांश गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जात नव्हते. चारांपैकी एका गावापेक्षा जास्त गावांत दलितांना पोलीस ठाण्यात शिरता येत नव्हते. जवळपास चौथ्या हिश्श्याच्या गावांत पोस्टमन दलितांच्या घरी पत्र पोचवत नव्हता. आणि ३८ टक्क्यांच्या आसपास सरकारी शाळांत मुलांना जेवायला वेगळे बसवले जात होते. ही सगळी सरकारी पगार घेणारी माणसे. दंगल झाली की आपण गुंडांना शोधतो. इथे गुंड कोणीच नाही. इथे आहे ती रोजची नोकरी आणि ती करण्याची पिढ्यान्पिढ्यांची रीत.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत शेवटचे मोठे भाषण केले, तेव्हा स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना एकमेकांपासून तोडता येत नाही, हे बजावले. बंधुता नसेल तर उरलेली दोन्ही वरवरची राहतील, असा त्यांचा इशारा होता. त्याआधी १९३६ साली, लाहोरच्या मंडळाने जे भाषण होऊ दिले नाही आणि जे बाबासाहेबांनी स्वतः छापले, त्यातही त्यांचा आग्रह हाच होता की आदर्श समाजात माणसामाणसांत येण्याजाण्याच्या, देण्याघेण्याच्या अनेक वाटा मोकळ्या असाव्यात. आज ज्याला सामाजिक एकोपा म्हणतात, तो या वाटांवाचून होत नाही. आणि गावात या वाटा रोज उघडणारे किंवा बंद करणारे हात तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांचे असतात. मग त्या हातांना आपण काय शिकवले, काय दिले, हा प्रश्न विचारायला नको का?

एक प्रयोग महाराष्ट्रात झाला, तो विसरला जातो म्हणून इथे थोडा विस्ताराने सांगतो.

भिवंडी हे यंत्रमागाचे गाव. उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, कोकणी मुसलमान, आगरी, कामासाठी आलेले दलित अशी सगळी वस्ती दाटीवाटीची. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे भयंकर दंगल झाली. तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या एकतर्फी तपासावर कठोर ताशेरे ओढले. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून तिथे आले. शांतता समित्या तेव्हाही होत्याच, आमच्या त्या बैठकीसारख्याच. दंगल पेटली की त्यातले प्रतिष्ठित लोक घरी बसत. खोपड्यांनी ही रचना उलटी केली. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत मिळून सुमारे सत्तर समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांऐवजी मागवाला, दुकानदार, रिक्षावाला, गृहिणी अशी साधी माणसे घेतली. दोन्ही धर्मांची माणसे सारखी बसतील असे पाहिले. आणि समिती चालवण्याचे काम त्या भागातल्या पोलीस कर्मचाऱ्याकडे दिले. दाराशी उभा राहणारा शिपाई खुर्चीवर आला.

या समित्यांत दंगलीची चर्चा क्वचितच होत असेल. गटाराची, नळाची, सायकल लागली म्हणून झालेल्या शिवीगाळीची, पोरांच्या भांडणाची चर्चा होई. महिनोन्महिने हे चालले. शिपायाला माणसे नावाने ओळखू लागली आणि माणसांनाही शिपायाचे नाव कळले. ६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबईत सुमारे नऊशे माणसे मारली गेली, हे श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात नोंदलेले आहे. मुंबईपासून हाकेच्या अंतरावरची, दंगलींसाठी देशभर बदनाम असलेली भिवंडी मात्र त्या दोन महिन्यांत पेटली नाही. खोपड्यांच्या पुस्तकाचे नावच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असे आहे. आशुतोष वार्ष्णेय यांच्यासारख्या अभ्यासकांनीही त्याची दखल घेतली. मुंबईत १९९४ पासून पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या सुरू झाल्या, त्यांच्यामागेही हाच धडा होता.

पण गोष्ट इथे संपत नाही. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. कब्रस्तानाची जागा आहे असे लोकांचे म्हणणे होते. गोळीबारात दोन नागरिक गेले आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केले. ज्या गावात शिपाई समितीच्या खुर्चीवर बसत होता, तिथेच दोन शिपाई मारले गेले. आमचे मत असे की साहेब बदलले की पद्धत बदलते, आणि पद्धत कागदावर उरली की ती आपोआप मरते. एका अधिकाऱ्याच्या जिवावर उभी राहिलेली गोष्ट त्याच्या बदलीच्या आदेशाबरोबर गाडीत बसून निघून जाते.

आणखी एक प्रश्न आमच्या मनात नेहमी येतो. समितीत अर्धे हिंदू आणि अर्धे मुसलमान मोजले, ते ठीकच. पण हिंदूंच्या बाकावर जे बसले त्यांत आपले किती होते? बौद्ध कुठल्या बाकावर मोजला? मातंग, चर्मकार, वडार कुठे बसला? दोन धर्मांत समेट घडवताना जातीचा प्रश्न सतरंजीखाली सारायची सवय आपल्या प्रशासनाला फार जुनी आहे. सामाजिक एकोपा म्हटले की साहेबांच्या डोळ्यांसमोर हिंदू-मुसलमान येतात. सवर्ण आळी आणि बौद्धवाडा येत नाही.

११ जुलै १९९७ आठवा. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला, लोक संतापून रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळ्या घातल्या. १० माणसे गेली. तुकडीचा प्रमुख असलेल्या उपनिरीक्षकाला २००९ मध्ये जन्मठेप झाली, म्हणजे बारा वर्षांनी. त्या सकाळी लोक आणि बंदुका यांच्यामध्ये वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना नावाने हाक मारू शकणारा एखादा कर्मचारी उभा असता तर? उत्तर कुणी देऊ शकणार नाही. पण वस्तीची ओळख नसलेल्या तुकडीच्या हाती वस्ती सोपवली की काय होते, ते आपण पाहिले आहे.

खैरलांजीत तर बंदूकही लागली नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. मारहाणीच्या एका प्रकरणात घरातल्या बायकांनी साक्ष दिली होती, आरोपी जामिनावर सुटून आले होते, आणि साक्षीदारांच्या घरावर पहारा नव्हता. नंतर शवविच्छेदनात कसूर झाली. काही पोलीस आणि वैद्यकीय अधिकारी निलंबित झाले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. ठाण्यापासून शवागारापर्यंतची साखळी पाहा. जागोजागी एक कर्मचारी आहे. प्रत्येकाने आपल्या कामात थोडीशी टंगळमंगळ केली, आणि ती सगळी टंगळमंगळ एकाच दिशेची होती.

म्हणून आमच्या दृष्टीने आघाडीवरच्या कर्मचाऱ्याला सलोख्याचे शिक्षण द्यायचे म्हणजे आधी कायद्याचे शिक्षण द्यायचे. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ ची सुधारणा झाली आणि जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. तिच्या चौथ्या कलमात लोकसेवकाची कर्तव्ये एकेक करून लिहिली आहेत. तोंडी फिर्याद लिहून घेतली तर सही घेण्यापूर्वी ती फिर्यादीला वाचून दाखवायची. गुन्हा नोंदवायचा. प्रत द्यायची. साक्षीदारांचे जबाब घ्यायचे. यात जाणूनबुजून कुचराई केली तर सहा महिने ते एक वर्ष शिक्षा. आता सांगा, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर बसणाऱ्या किती हवालदारांना हे कलम कुणी समजावून सांगितले आहे? प्रशिक्षणाला बोलावतात, पडद्यावर चित्रे दाखवतात, दुपारी जेवण होते, प्रमाणपत्र मिळते. फिर्याद द्यायला आलेली बाई थरथरत असेल तेव्हा तिला आधी पाणी द्यायचे की आधी जात विचारायची, हे त्या पडद्यावर येत नाही.

सलोख्याच्या नावाखाली फिर्याद दाबण्याची रीतही आपल्याला नवी नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाची भांडणे, भावकीची भांडणे गावातच मिटावीत, कोर्टात पैसा जाऊ नये, हा हेतू चांगलाच होता. आंतरजातीय लग्नांना समितीने पाठबळ द्यावे, हेही तिच्यात होते. पण गावाला बक्षीस मिळणार म्हटल्यावर गुन्हा नोंदवणारा माणूस गावाचा वैरी ठरू लागला. दोघेही हात जोडा, मिटवून टाका, गावाचे नाव खराब करू नका, असे कुणाला सांगितले जाते हे आम्ही वेगळे सांगायला नको. ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्यालाच सांगितले जाते. अॅट्रॉसिटीचा गुन्हा आपसात मिटवण्याचा नाही, ही साधी गोष्ट पोलीस पाटलाला आणि समितीच्या अध्यक्षाला ठाऊक असती, तर पुष्कळ गावांत पुष्कळ बायका ठाण्याच्या पायरीवरून परत फिरल्या नसत्या. मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला शेजारी बसवून चहा पाजला म्हणजे बंधुता झाली असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांनी २५ नोव्हेंबरचे ते भाषण एकदा पुरते वाचावे.

आता आशाताईकडे येऊ. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली. साधारण हजार वस्तीमागे एक, आणि ती त्याच गावची असावी असा नियम. महाराष्ट्रात त्यांची संख्या सत्तर हजारांच्या आसपास आहे. गावात अशी दुसरी व्यक्ती दाखवा की जी पाटलाच्या वाड्यात, बौद्धवाड्यात, मांगवाड्यात, मोहल्ल्यात आणि पारधी पालावर एकाच आठवड्यात जाते. गरोदर बाई कुठे आहे, बाळाला डोस राहिला का, खोकला कुणाचा थांबत नाही, हे तिच्या वहीत असते. २०२० च्या कोरोनात घरोघर हिंडून नोंदी तिनेच केल्या. माणसे माणसांना घाबरत होती तेव्हा दारावर थाप तिची होती.

आणि तिला पगार नाही, मानधन आहे. कामावर आधारित मोबदला आहे. २०२३ च्या शेवटी आणि २०२४ च्या सुरुवातीला या बायांना त्यासाठी संप करून रस्त्यावर बसावे लागले. आम्ही विचारतो, जिच्याकडून गावाच्या एकोप्याची अपेक्षा करता, तिलाच कर्मचारी म्हणायला तुमची जीभ का अडखळते?

तिच्या अडचणीचा दुसरा भाग असा की अनेक आशा आणि सेविका आपल्याच समाजातल्या आहेत. त्यांच्या हातचे पाणी, त्यांच्या हातचा खाऊ, त्यांनी उचललेले बाळ यांवरून जे चेहरे होतात ते त्या घरी येऊन सांगतात, वरिष्ठांना सांगत नाहीत. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईचे तेच. आरक्षणातून लागलेल्या शिपायाचे तेच. बौद्ध हवालदाराने अॅट्रॉसिटीची फिर्याद तत्परतेने घेतली की ठाण्यात तो पक्षपाती. नाही घेतली तर वस्तीत तो विकला गेलेला. आम्ही अशा एका तरुण पोलिसाला ओळखतो. दंगलविरोधी बंदोबस्तात त्याने आपल्याच मावसभावाला अडवले होते. घरी दोन वर्षे त्याच्याशी कुणी बोलले नाही आणि ठाण्यात त्याला कुणी शाबासकीही दिली नाही. ज्यांच्याकडून आपण दोन समाजांतला पूल व्हा म्हणून अपेक्षा करतो, त्यांच्या पाठीवरून दोन्हीकडचे लोक चालत जातात. या माणसांना बोलायला जागा हवी. महिन्यातून एकदा शिपाई, आशा, शिक्षक, सेविका, ग्रामसेवक यांनी एकत्र बसून गावात काय शिजते आहे ते साहेबांच्या धाकाशिवाय एकमेकांना सांगावे, एवढी साधी सोय तालुक्याला होऊ शकते. तिला निधी लागत नाही. वरिष्ठाने ऐकून घेण्याची तयारी लागते, आणि तीच सगळ्यात महाग आहे.

चांगले उदाहरणही सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही फक्त तक्रारखोर ठरू. १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला जे झाले ते सर्वांना माहीत आहे. त्यानंतरच्या वर्षांत पेरणेच्या विजयस्तंभाला येणारा जनसमुदाय कमी झाला नाही, वाढला. पण मानवंदना शांततेत होऊ लागली. आधी महिनाभर प्रशासनाच्या बैठका होतात, संघटनांच्या आणि आसपासच्या गावकऱ्यांच्याही. वाहनतळापासून पीएमपीच्या बसगाड्या धावतात. पाणी, शौचालये, आरोग्य पथके, लहान बाळांच्या आयांसाठी हिरकणी कक्ष असतात. सलोखा अशा गोष्टींनी होतो. तान्ह्या बाळाला पाजायला आडोसा मिळाला की त्या बाईच्या मनात सरकारविषयी आणि त्या गावाविषयीही काहीतरी बदलते. बसचा चालक, पाण्याच्या टँकरवरचा माणूस, आडोशाच्या दाराशी उभी सेविका यांना कुणी हार घालत नाही, पण ते काम त्यांचे आहे.

आता थोडे आपल्याविषयी. आपण चळवळीचे लोक कर्मचाऱ्यांकडे जातो कधी? घटना घडल्यावर. निवेदन घेऊन, घोषणा देत. ते गरजेचे आहेच आणि आम्ही ते सोडणार नाही. पण वर्षभरात एकदाही आपण शाळेच्या बाईंना विचारत नाही की मुले जेवायला कशी बसतात. अॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. ती झाली का, हे किती कार्यकर्ते माहितीच्या अधिकारात विचारतात? २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै २०१७ पासून राज्यात लागू आहे. किती वस्त्यांत त्याची प्रत आहे? आणि आपल्या वस्तीला लागून असलेल्या मातंग वस्तीत, मोहल्ल्यात, पारध्यांच्या पालावर आपण जयंतीचे निमंत्रण घेऊन जातो की नुसता लाउडस्पीकर तिकडे वळवतो? हे लिहिताना आम्हालाही बरे वाटत नाही. पण शिपायाला विचारायचे प्रश्न आधी आपल्या मंडळालाही विचारले पाहिजेत.

यंदा आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाने ठरवले आहे की शांतता समितीच्या बैठकीला चार बायका जाणार. शेजारच्या मोहल्ल्यातल्या दोघींना त्यांनी बरोबर घेतले आहे, कारण नळ दोन्हीकडचा एकच आहे आणि पाणी रात्री दोनला येते. डीजेच्या आधी त्या नळाचा विषय काढणार आहेत. बीटच्या शिपायालाही आत बसवा, असा अर्ज त्यांनी ठाण्यात दिला आहे. अर्जाची पोच मिळाली, उत्तर अजून आलेले नाही.